नेव्हिलची शेवटची चार मिनिटं

दहनगृहात प्रत्येक मयताला अर्धा तास मिळतो, आणि नेव्हिलचं गाणं होतं तेवीस मिनिटांचं. घोडं पेंड खात होतं ते इथंच.

"पाद्रीबाबांची वीस मिनिटं," ग्वेन म्हणाली. नेव्हिल, तिचा नवरा, जाऊन आठवडा झाला होता, तरी तिने सवयीने तीन कप मांडले आणि एक गुपचूप उचलून ठेवला. "उरली दहा. तेवढ्यात बसव, ट्रेव्हर. पण शेवट गाळू नकोस हं."

ट्रेव्हर हेब्डन शेवट कसला गाळतोय! पंचाहत्तरीचा हा गवई गिटार गळ्यात अडकवून बारा गावचं पाणी प्यालेला. कुठल्या बँडचा गायक आजारी पडला, बोलवा ट्रेव्हरला. कुठला गिटारवाला रुसला, बोलवा ट्रेव्हरला. असे अकरा बँड झाले. बसायचा सगळीकडे, टिकायचा कुठेच नाही. पहिला बँड मात्र नेव्हिलचा. त्या गाण्याची शेवटची चार मिनिटं नेव्हिल एकटाच ऑर्गन वाजवायचा आणि बाकीच्यांनी गप उभं राहायचं. एकोणीसशे पंचाहत्तर साली लीड्सला त्या ऑर्गनलाच ट्रेव्हर कंटाळला, भर मंचावरून चालता झाला आणि आठवड्यात दुसऱ्या बँडमध्ये गाऊ लागला. नेव्हिलने कधी बोलून दाखवलं नाही, याने कधी माफी मागितली नाही. आता मागायला माणूसच उरला नव्हता. निदान या खेपेला शेवटपर्यंत उभं राहायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने त्याच बँडच्या ड्रमवाल्या डेरेकला फोन लावला.

"माझे ड्रम कापलेस तर मी येत नाही!"

"अरे, मयत आहे की मैफल?"

"मग तुझी सुरुवातीची सहा मिनिटं गिटार काप की!"

ट्रेव्हरला एकाएकी ऐकू येईनासं झालं. थोडक्यात, कोणीच काही कापलं नाही.

अंत्यविधीच्या दिवशी पाद्रीबाबाच बावीस मिनिटं बोलले. मग ट्रेव्हरच्या गिटारीने नमनाला घडाभर तेल घातलं. डेरेकचे ड्रम सुरू होतात न होतात तोच अर्धा तास संपला आणि शवपेटीपुढचा पडदा आपोआप सरकू लागला. पडदा पडतोय म्हटल्यावर डेरेकने पन्नास वर्षांच्या सवयीने कडकडाट केला. मागच्या बाकावरचे दोन जुने चाहते टाळ्या पिटत उठले. "वन्स मोअर!" एकजण ओरडला, आणि बायकोने कोपर मारल्यावर खाली बसला.

दहनगृहाचा माणूस लगबगीने आला. "साहेब, आटपा. पुढची गाडी दारात उभी आहे."

"अहो, मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही!"

"ते बाहेर उघडा. फुलं ठेवतात तिथं."

बाहेर बोचरा वारा. जे काल कापवत नव्हतं ते सगळं एका क्षणात कापलं गेलं. डेरेकने फुलांची बादली उपडी घातली, ट्रेव्हर थेट शब्दांपासून गायला लागला. आवाज दोनदा चिरकला. पुढच्या मयताची मंडळी आली आणि, रांग दिसली की उभं राहायचं या न्यायाने, निमूट त्यांच्या मागे उभी राहिली.

शब्द संपले. ट्रेव्हरने तारांवरचा हात काढला.

"आता काय?" डेरेक कुजबुजला.

"आता नेव्हिल."

दोघे गप उभे राहिले. मागच्या मंडळींना वाटलं, मौन पाळताहेत. त्यांनी टोप्या काढल्या. तो दहनगृहाचा माणूसही टोपी छातीशी धरून थांबला आणि त्याच्या दिवसभराच्या अर्ध्या तासांचा पार बोऱ्या वाजला. ट्रेव्हरला रडू आवरेना. "चुकलो रे बाबा," तो पुटपुटला.

डेरेकने घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं झाली. चल, सँडविचेस संपतील."

ट्रेव्हर हलेना. ग्वेनने त्याची बाही धरली. "झालं रे. संपलं आता."

"छे," तो म्हणाला. "नेव्हिलने कधी वेळेत संपवलंय का?"

ग्वेन हसली, तिने डोळे पुसले, आणि तीही त्याच्याशेजारी उभी राहिली.