तबक थांबेना

गती या विषयावर मला काही शिकवू शकेल असा माणूस निदान आमच्या अँतेप शहरात तरी नव्हता. पदवीला मी दुसरा आलो होतो, आणि पहिला आलेला केव्हाच इस्तंबूलला निघून गेला होता. त्यामुळे माझी नोकरी कायम करायची की नाही हे ठरवायला तपासणीसबाई वर्गावर येणार म्हटल्यावर मी निर्धास्त होतो.

गतीचे तीन प्रकार आणि तिन्हींना एकच साधन, ते म्हणजे साखळ्यांना टांगलेलं चहाचं तबक. हातात धरून चालत गेलं की रेषीय गती, झुलवलं की आंदोलित, आणि डोक्यावरून गरगरा फिरवलं की वर्तुळाकार. भरल्या पेल्यातला थेंबही सांडत नाही.

तबक बाबांचं. बाबा, म्हणजे सगळ्यांचे शाकीर उस्ता, शाकीर उस्ताद, एकेचाळीस वर्षं तांबटांच्या बाजारात चहा पोचवताहेत. शाळेत मात्र मी 'वडील व्यापारात आहेत' एवढंच सांगून ठेवलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

आदल्या संध्याकाळी त्यांनी मला तबक फिरवायला शिकवलं. दर वेळी शेवटी फिरतं तबक त्यांनीच माझ्या हातातून घेऊन थांबवलं.

"आता थांबवायचं कसं ते बघ, वेदात बेटा."

"बाबा, थांबवायला काय शिकायचं? जगातली प्रत्येक गोष्ट घर्षणाने आपोआप थांबते."

"बरं," म्हणाले, आणि पेले विसळायला गेले.

दुसऱ्या दिवशी तपासणीसबाई नझीहे हानम मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. तबकात सहा पेले. रेषीय गती झाली, आंदोलित झाली. मग मी तबक डोक्यावरून फिरवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी काहीतरी लिहिलं. मी मनातल्या मनात कायम झालो.

"छान. आता थांबा आणि समीकरण लिहा."

मी हात सैल केला तशी साखळी ढिली पडली आणि पेले किणकिणले. घाबरून मी पुन्हा वेग दिला.

"एकसमान गती म्हणजे बराच वेळ तोच वेग," मी म्हणालो.

"कळलं. किती वेळ?"

"बघू या."

पुन्हा प्रयत्न केला, तर एक पेला निसटून फळ्यावर फुटला. पुढचे दोन बाक क्षणात रिकामे झाले. कोणी खिडकीकडे, कोणी दाराकडे, कोणी बाकाखाली.

"यादृच्छिक गती," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "हा चौथा प्रकार तुमच्या पाठाच्या टाचणात नव्हता."

खांद्यातून कळा येत होत्या. नोकरी हातची जाताना मला स्पष्ट दिसत होती. तेवढ्यात बाकाखालून तुलाय नावाच्या मुलीचा आवाज आला. "सर, शाकीर उस्तांना बोलावू का?"

"कोण शाकीर उस्ता?" त्याही अवस्थेत मी म्हणालो.

"तुमचे बाबा, सर. माझ्या मामाचं दुकान त्यांच्या शेजारीच आहे. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे." आणि ती पळाली.

बाजार शाळेच्या मागेच. बाबा आले ते धापा टाकत, कमरेला ओला फडका तसाच.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझे बाबा. बाजारात चहा पोचवतात." तबक गरगरत होतं, पण हे वाक्य सरळ निघालं.

"सोडू नकोस," बाबा म्हणाले. माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी साखळ्यांची कडी घेतली आणि तबकाच्या झोक्याबरोबर तीन पावलं पुढे गेले. तबक निमूट लोंबत राहिलं. "त्याला अडवायचं नसतं. थोडं त्याच्याबरोबर चालायचं असतं."

त्यांनी बाईंना पेला दिला. बाईंनी घोट घेतला.

"गार झालाय."

"दुसरा आणतो," बाबा म्हणाले आणि गेलेसुद्धा.

नोकरी कायम झाली. शेऱ्यात बाईंनी लिहिलं, 'विषयज्ञान उत्तम. प्रात्यक्षिक वडिलांचे.' बाबांनी तो कागद चौकटीत घालून दुकानात लावला. येणारा-जाणारा तो वाचतो आणि विचारतो, "उस्ता, मग नोकरी नक्की कोणाची कायम झाली?"

"ठरायचंय अजून," बाबा सांगतात. "दर शनिवारी पोरगा थांबायला शिकायला येतो."

गेल्या शनिवारी चार पेले गेले.