दुष्काळाची शिदोरी

आमच्या गावात पूर दरवर्षी कुठल्या तरी एकाच घरात येतो, आणि दुष्काळही कुठल्या तरी एकाच घरी मुक्काम करतो. बाकीच्यांची शेतं पिकतात. कुणाकडे काय, ते देवळाच्या कट्ट्यावर पाच म्हातारे ठरवतात. त्या पाचांकडे आजवर दोघांपैकी कुणीच फिरकलेलं नाही. त्यांची पाळी आली, की ते यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतात.

गेल्या वर्षी दुष्काळ आमच्याकडे उतरला. दिवसभर ओसरीवर बसून असायचा. आमची विहीर तळाला, आणि बांधापलीकडे त्या पाचांतल्याच आण्णा खोचऱ्यांची काठोकाठ. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, ते तेव्हाच. आईने उपास काढले, पण कणगीतल्या शाळू ज्वारीच्या बियाण्याला हात लावला नाही.

यंदा श्रावणात पूर वेशीवर येऊन उभा राहिला. आण्णांनी नाव वाचलं, "सुभद्रा मगदूम."

म्हणजे माझी आई.

"आण्णा, आमच्यात दुष्काळ झालाय की."

"म्हणून तर. घर कोरडं ठाक हाय, पाणी मुरंल. कॉलेजात डोकं पण ठेवून आलास काय रं?"

बाकीचे चौघे हसले. चौघांत मिळून दात नऊ. अक्कल दातांबरोबर पडते, अशी माझी तेव्हाच खात्री झाली.

आई हळूच म्हणाली, "बियाणं कुठं ठिवायचं रं? आपल्याला माळा न्हाई."

मी विचारलं, "एका घरात एकच मुक्कामी. नियम तुमचाच ना?"

"आमच्या बापाचा."

"मग दुष्काळ अजून ओसरीवरच आहे."

"त्येची मुदत ज्येष्ठात संपली!"

"संपली. पण शिदोरी दिली नाही."

आमच्या गावातून पाहुणा शिदोरीशिवाय हलत नाही, आणि दुष्काळ झाला तरी पाहुणाच. भाकरी थापायला आमच्याकडे पीठ नव्हतं. ते त्यानेच संपवलं होतं.

तिसऱ्या दिवशी पाचही म्हातारे यादी घेऊन आमच्या ओसरीवर खात्री करायला आले. दुष्काळ खांबाला टेकून बसला होता.

"चला की पाव्हणं आता," आण्णा म्हणाले.

"शिदोरी?" दुष्काळाने विचारलं.

"आमच्यातनं भाकरी पाठवतो."

"चालत न्हाई," दात नसलेले केरबा आजोबा बोलून गेले. "उतरला त्याच घरचं पीठ लागतं."

आण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते उरलेला दिवस बोलले नाहीत. मग आण्णा आईकडे वळले. "कणगी भरलीया न्हवं? दळ त्यातलं शेरभर."

"बियाणं हाय त्ये, आण्णा. बियाणं दळत न्हाईत. तुमच्या आईनंच शिकवलंय मला."

तीन दिवस ताटकळलेला पूर वेशीवरून खाकरत होता. आण्णांनी यादीसाठी हात पुढे केला, पण ओसरीवर ठेवलेली ती मी केव्हाच उचलली होती. मी पहिल्यापासून वाचली नाही. आईच्या खालचं नाव वाचलं.

"खोचरे."

पूर सरळ आण्णांच्या सोप्यात शिरला आणि कमरेएवढा बसला. आण्णा माळ्यावर गेले. त्यांना माळा आहे. तिथून ते हाका मारतात, की ही पोरं आता वडीलधाऱ्यांचं ऐकत नाहीत. ऐकू सगळं येतं.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आईने कणगी उघडली, बियाणं सुपात घेतलं आणि ओसरीवर आली.

"जरा सरका तिकडं," ती दुष्काळाला म्हणाली. "शाळू वाळवायचाय."

दुष्काळाने पाय आखडून घेतले.