सूर्यावरचे डाग

सूर्यावर डाग असतात आणि त्यांचा फोटो मी कांदिवलीतल्या माझ्या गॅलरीतून काढून दाखवीन, असं मी ऑफिसात छाती ठोकून सांगितलं. आमचे हेडक्लार्क रामचंद्रराव म्हणाले, "भीमराज, आधी चष्मा पूस." अख्खं ऑफिस हसलं. मी मुळात तापट. त्या दिवशी तर डोक्याचा बंब झाला.

रविवारी मी पुठ्ठ्याच्या नळीत भिंगं बसवून केलेली दुर्बीण गॅलरीच्या कठड्याला बांधली. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट बघितलं तर डोळे जातात. म्हणून मागे पांढरा पुठ्ठा धरायचा, त्यावर बिंब उतरतं. अंधार हवा म्हणून बायकोची नवी गोधडी वरून टांगली. बशीएवढा सूर्य पुठ्ठ्यावर पडला आणि त्यावर तिळासारखे काळेभोर डाग! मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्याने मी सगळा रोल उडवला.

मग पुठ्ठा घेऊन पाणी प्यायला आत गेलो. दुर्बीण तशीच राहिली. भिंगांतून एकवटून मागे निघणारं ऊन आता शेजारच्या उत्तराबाईंच्या वाळत घातलेल्या साडीवर पडत होतं.

"जया, तुझा नवरा बिड्या ओढतो आणि थोटकं माझ्या साडीवर टाकतो," उत्तराबाई दारात उभ्या. साडीला बोट जाईल एवढं भोक.

"बिडी नाही, सूर्य आहे तो," मी म्हणालो.

"बघ, वर थट्टा करतो!"

जया माझ्याकडे वळली. "बिड्या कधीपासून ओढताय?"

गोधडीला वास येतोय का, ते तिने हुंगून बघितलं. मी ओरडलो, ती ओरडली, उत्तराबाई तर मघापासून ओरडतच होत्या. शेवटी जयाने स्वतःची ठेवणीतली साडी त्यांना दिली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. फोटो हातात आला की एकेकाला बघून घेणार होतो.

रोल धुवायला दिला होता त्या स्टुडिओवाल्या अनंताने आज देतो, उद्या देतो करत पंधरवडा घालवला. मग हसत हसत फोटो पुढे केला. गोल, गुळगुळीत, पांढराशुभ्र सूर्य.

"यातले डाग कुठे गेले?"

"काढले ना. सगळ्या निगेटिव्हवर होते. ब्रशने एकेक भरला, डोळे फुटायची वेळ आली."

"अरे, तेच हवे होते मला!"

आता अनंताही भडकला. "लग्नाच्या मुलींचे मुरुम काढतो, देवीचे वण काढतो. डाग का काढलेस म्हणून भांडायला आलेला तू पहिलाच."

"पुसून दे ते."

"पक्का रंग आहे. निघायचा नाही."

मी पाय आपटत घरी आलो, दुर्बीण पुन्हा बांधली. पुठ्ठ्यावर सूर्य पडला. तोही स्वच्छ. माझे डाग तोवर सूर्याबरोबर फिरून पलीकडे गेले होते आणि नवा एकही यायला तयार नव्हता. रागाच्या भरात पुठ्ठ्याला लाथ मारली, ती कठड्याला लागली.

दुसऱ्या दिवशी लंगडत ऑफिसात गेलो. फोटो दाखवायचा नव्हता, पण रामचंद्ररावांनी खिशातून ओढून घेतला. बराच वेळ बघितला. मग टेबलाच्या काचेखाली नीट सरकवला.

तेव्हापासून ऑफिसात कोणीही नवीन आलं की ते हाक मारतात, "या, हे बघा. आमच्या भीमराजने स्वतः काढलाय. आहे का एक तरी डाग?"

आणि शिपायाला सांगून मला चहा पाजतात.