शेवटचं कोण?

एवेलियोने अंगणातली डुकरीण देऊन मोटारसायकल घेतली, तेव्हापासून ओदालिस त्याच्याशी भांडत नव्हती. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून नुसते उसासे टाकत होती. ते भांडणापेक्षा वाईट होतं, कारण नवऱ्याला उत्तर देण्याची सोयच उरली नव्हती.

डुकरीण नाताळसाठी वाढवलेली होती. मोटारसायकल रशियन बनावटीची, साइडकारवाली आणि वयाने एवेलियोपेक्षा मोठी. पोस्टात शिक्के मारण्यापलीकडे कुठल्याही यंत्राला हात न लावलेल्या या गृहस्थाने कित्येक रविवार खर्ची घालून ती दुरुस्त केली. कार्बोरेटर शेतातल्या पंपाचा बसवला, टाकीला झाकण कॉफीच्या किटलीचं. क्यूबातल्या मातान्सास गावात कुणाच्याच गाडीचं काही मूळचं नसतं, त्यामुळे शेजाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"रविवारी आई येतेय बसने," अखेर ओदालिसने तोंड उघडलं. "तिला या धुडात बसवून घरी आण. आणलंस तर राहू दे तुझं खेळणं. नाहीतर जा आणि माझी डुकरीण परत घेऊन ये."

"आणतो की! अगं, तरुण मुलीसारखी पळते ती."

"कुणाच्या मुलीसारखी?" ओदालिसने विचारलं आणि आत निघून गेली.

रविवारी एवेलियो ऐटीत निघाला. गल्ली ओलांडली, चर्च ओलांडलं, आणि बंद रेशन दुकानासमोर गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. एवेलियोने किक मारली, मग आणखी मारली. त्याने गाडीला गोंजारलं, तिला शिव्या घातल्या. घाम पुसत तो किकवर पाय ठेवून उभा असताना मागून आवाज आला.

"शेवटचं कोण?"

पिशवी घेतलेली एक जाडजूड बाई विचारत होती. क्यूबात रांगेत उभं राहायला आलेला प्रत्येक जण हेच विचारतो, आणि तिथे जन्मलेला माणूस या प्रश्नाला झोपेतही जे उत्तर देतो, तेच एवेलियोच्या तोंडून निघून गेलं. "मी."

बाई त्याच्या मागे उभी राहिली. तिच्यामागे एक म्हातारा आला, त्याच्यामागे दोघी बहिणी, आणि बघता बघता रांग कोपऱ्यापर्यंत गेली.

"काय येणारे?"

"कोंबडी म्हणतात."

"छे, तेल! डबे आणायला साइडकार आणलीय बघा त्याने."

"अहो, इथे काही येत नाहीये!" एवेलियो कळवळून म्हणाला. "माझी गाडी बंद पडलीय!"

"पहिला नंबर असलेले सगळे असंच म्हणतात," म्हातारा म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या.

एवेलियोने वैतागून गाडी चार पावलं ढकलली. लगेच जाडजूड बाई चार पावलं पुढे सरकली. "सरकली! रांग सरकली!" अशी आनंदाची आरोळी थेट कोपऱ्यापर्यंत गेली. आता एवेलियोच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाई, जरा धक्का माराल का? उतारापर्यंत?"

"मारते. पण माझा नंबर दुसरा, लक्षात ठेव." हात मोकळे हवेत म्हणून तिने बटाट्यांची पिशवी टाकीखालच्या दांडीला अडकवली. ती दांडी म्हणजे पेट्रोलचा कॉक. गाडी उभी करताना कॉक बंद करायचा, हे विकणाऱ्याने एवेलियोला बजावून सांगितलं होतं. निघताना तो उघडायचा असतो, हे सांगायची गरज त्याला वाटली नव्हती. बटाट्यांच्या वजनाने दांडी फिरली, रांगेने जोर लावला, आणि उतारावर गाडी अशी काही गरजली की चर्चवरची कबुतरं उडाली.

"शेवटी दुरुस्त केलीच मी!" एवेलियो ओरडला.

बसस्थानकावर सासूबाई, एर्मेलिंदाबाई, आपल्या सुटकेसवर बसल्या होत्या. एवेलियोने इंजिन चालूच ठेवलं. "आई, बसा पटकन! बंद पडायच्या आत बसा!"

एर्मेलिंदाबाईंनी गाडीकडे पाहिलं. मग गाडीमागे धापा टाकत, पण नंबर न सोडता पोचलेल्या रांगेकडे पाहिलं. त्या उठल्या, सुटकेस उचलली आणि मागे चालू लागल्या.

"शेवटचं कोण?"

"आई, ही रांग कशाचीच नाहीये!"

"एवढी माणसं काय वेडी आहेत? आणि जावयाची ओळख सांगून मधे घुसू होय मी? मला नाही जमायचं ते."

रांगेने टाळ्या वाजवल्या. जाडजूड बाईने कमरेवर हात ठेवले. "आता बोल. काय देतोयस?"

एवेलियोने आजूबाजूला पाहिलं. देण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं. "चक्कर," तो हळूच म्हणाला. "चौकाला एक चक्कर."

"दर माणशी किती?"

"एकच."

"मग बरोबर आहे," असं म्हणून ती साइडकारमध्ये बसली.

दुपारभर एवेलियो चौकाला फेऱ्या घालत होता. म्हाताऱ्याने टोपी उडवली, बहिणी किंचाळल्या. वळणावर गियर कधी टाकायचा हे एवेलियोला त्या दुपारी समजलं, आणि इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. फक्त दर फेरीनंतर किटलीचं झाकण उघडून तो टाकीत डोकावायचा, आणि दर वेळी त्याचा चेहरा थोडा उतरायचा. पेट्रोल तळाला लागत होतं आणि सासूबाई अजून शेवटीच होत्या.

दिवेलागणीला ओदालिस गार झालेला भात-घेवडा झाकून दारात उभी होती. मोटारसायकल आचके देत आली, उंबऱ्यापाशी तिने शेवटचा श्वास सोडला आणि ती थांबली.

"बस दुपारची होती!" ओदालिस कडाडली. "एवढा वेळ कुठे होतात?"

एवेलियोने तोंड उघडलं, पण साइडकारमधून एर्मेलिंदाबाईंनी हात वर केला. त्यांचे केस विस्कटले होते आणि गाल लाल झाले होते.

"त्याला काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "पोरी, आयुष्यभर रांगा लावल्या मी. माझा नंबर येईपर्यंत माल शिल्लक राहिला, असं आज पहिल्यांदा झालं."