मखमली टोपीतला कोंब

"कोंब माझ्याच दाराकडे झुकणार," टेलरमामा म्हणाले. "झाडाला माणूस कळतो."

"कळतो ना, म्हणून तर माझ्याकडे येईल," समोरच्या दारातून सलूनवाले मिशीराव म्हणाले.

दोघांची दारं जिन्यात समोरासमोर, आणि मधोमध कुंडी. ती वरच्या मजल्यावरच्या बाईंची. बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. गच्चीत मांजर माती उकरतं म्हणून त्यांनी कुंडी खाली आणून ठेवली होती. तिच्यात मक्याचा एकुलता एक कोंब, करंगळीएवढा, नाक वर करून उभा होता.

बोलता बोलता पैज लागली. उद्या संध्याकाळी पाचला कोंब ज्याच्या दाराकडे झुकेल तो जिंकला. कुंडीला हात लावायचा नाही. मिशीरावांनी मिशा पणाला लावल्या. त्यांच्या सलूनला पाटी नव्हती, गिऱ्हाईक त्या मिशा बघूनच आत शिरायचं. मामांनी पणाला लावले ते डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत ओढून नेलेले केस. त्यांच्याखाली काय आहे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, पण विषय कोणी काढत नसे. वारा सुटला की सगळे दुसरीकडे बघायचे.

"काढायचे ते खाली पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत," मिशीराव म्हणाले. कित्येक वर्षं त्यांचे हात शिवशिवत होते.

सकाळी मामांनी दार सताड उघडं टाकलं. त्यांच्या खोलीला ही मोठी खिडकी. थोड्या वेळात कोंब त्यांच्याकडे कलला.

"अहो, दार लावा, धूळ येतेय," मामी म्हणाल्या.

"येऊ दे. आज डोक्यावरचं छप्पर वाचवायचंय."

मिशीरावांनी सलूनमधला आरसा उचलून आणला, स्वयंपाकघरातलं ऊन पकडलं आणि थेट कुंडीवर सोडलं. कोंब तिकडे वळायला लागला. मामांनी ट्यूबलाइट आणून लावली. मिशीरावांनी दुसरा आरसा आणला. पोस्टमन डोळ्यांवर हात धरून भिंत चाचपत वर गेला. कोंब बिचारा ताठ उभा राहिला.

बाई खाली आल्या त्या रागवायला, पण कुंडीपाशी मांडी घालूनच बसल्या. "काय हुशार आहे बघा. उजेड कळतो तो या टोकाला. मग टोक खाली निरोप धाडतं, अंधाराच्या बाजूने. तिथल्या पेशी तो निरोप मिळाला की लांब होतात. उजेडाकडच्या मागे राहतात. मग वाकण्यावाचून इलाज काय?"

"निरोप नेतं कोण?" मामांनी विचारलं.

"संप्रेरक म्हणतात त्याला. थेंबभरही नसतं, पण अख्खा कोंब ऐकतो."

"आमच्याकडे ओरडून कोणी ऐकत नाही," मामी दारातून म्हणाल्या.

मामा विचारात पडले. "म्हणजे एका बाजूला कापड जास्त झालं की शिवण दुसरीकडे वळते, तसं."

"अगदी तसं," बाई खूश झाल्या.

बाई वर गेल्या, मिशीराव सलूनला गेले आणि मामा मशीनवर बसले. काळ्या मखमलीची टोपी शिवली. बोटाच्या पेरापेक्षा लहान, आत अस्तर, आणि एका बाजूला काजाएवढी फट. फट आपल्या दाराकडे करून त्यांनी ती अलगद कोंबाच्या टोकावर बसवली.

"हात लावायचा नाही ठरलंय ना?" मामी म्हणाल्या.

"कुंडीला. टोपीचं काही ठरलेलं नाही." आणि मामा एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला निघून गेले.

मिशीराव जेवायला घरी आले. टोपी दिसली. आधी त्यांनी वाकून टाके बघितले, आणि मनापासून मान डोलावली. मग दिवसभर करतात तेच केलं. दोन बोटं टोपीला लावली, "मान जरा इकडे, साहेब," म्हणाले आणि फट आपल्या आरशांकडे वळवली.

पाचला सगळी इमारत जिन्यात जमली. टोपी घातलेला कोंब मिशीरावांच्या दारापुढे अदबीने वाकला होता.

मामा धापा टाकत आले. "टोपी फिरवली कोणी?"

"फिरवली?" मिशीराव म्हणाले. "आधी कुठे होती, मामा?"

मामींनी कपाळाला हात लावला.

बाईंनी टोपी काढून तळहातावर घेतली. "वर्गात मी कागदाची करायचे. दरवेळी गळून पडायची. ही काय बसलीय." मग त्यांनी विचारलं, "कुंडीला कोणी हात लावला?"

"मी नाही."

"मी पण नाही. मी फक्त मान वळवली."

"मग कोंबाने आपलं काम चोख केलंय," बाई म्हणाल्या. "मामा, चला पायऱ्यांवर."

खाली स्टूल मांडलं, गळ्यात टॉवेल आला. मामांनी डोळे घट्ट मिटले. मिशीरावांनी एवढ्या हळुवार हाताने आजवर कोणाची हजामत केली नव्हती. केस पायरीवर पडले तेव्हा हसायला जमलेले लोक हसले नाहीत.

"अहो," मामी जवळ येऊन म्हणाल्या, "बरे दिसताय की."

मामांनी एक डोळा उघडला. तेवढ्यात समोरच्या दोन इमारतींमधून उतरतं ऊन थेट त्यांच्या डोक्यावर आलं, आणि जिन्याच्या भिंतीवर लख्ख कवडसा पडला.

मिशीरावांनी वस्तरा पुसला. कवडशाकडे बघितलं, मग मामांच्या डोक्याकडे.

"मामा, पुन्हा आपली पैज नको," ते म्हणाले. "आता तुमच्यापुढे माझे दोन्ही आरसे टिकायचे नाहीत."