पातळ पत्र्यावर उभ्या केलेल्या पिंजऱ्याची हकीकत

चराचराचीं चाकें फिरविणारास वंदन करून, घडिलें तें न लपवितां लिहितों ऐसें जे: शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, एका राज्यांत मोटारींच्या शर्यतीचें बहुत वेड माजलें. तेथील नामांकित स्वार हैबतराव निंबाळे, आणि त्यांची गाडी सज्ज करणारी धाकटी भगिनी गोजराबाई. गाडी ऐसी कीं, खालीं वेगळी चौकट नाहीं, पत्र्याची काया तीच हाडें. गाडी उलथली तरी स्वार चिरडूं नये म्हणोन आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवावा, ऐसी महाराजांची आज्ञा जाहली आणि कारभारी त्रिंबकपंत यांणीं तें काम बाईंकडोन काढून आपले मेहुण्यास दिधलें, आणि त्याणें घाईनें पिंजरा उभा करून तांबडा रंग फांसला. मग शर्यतीचे दिवशीं बाई गाडीखालीं शिरोन पाहतात तों पिंजऱ्याचे पाय पातळ तळपत्र्यास नुसते बोल्टांनीं आवळलेले! बाई संतापोन बोलिल्या, "पंत, गाडी उलथली कीं हे पाय पत्रा फोडून खालीं जातील आणि छत दादाचे डोकीवर येईल. दाराखालच्या मजबूत उंबऱ्याशीं जाड पोलादी पाटे वेल्ड करा आणि त्यांवर पाय ठेवा." पंत हांसोन बोलिले, "बाईसाहेब, रंग तर पाहा कैसा खुलला आहे!" हैबतराव बोलिले, "गोजरे, लोक जमले आहेत. आतां माघार कैसी घेऊं?" आणि स्वार जाहले, आणि वळणावर गाडी घसरोन उलथली, आणि बाई बोलिल्या तैसेंच जाहलें. शिरस्त्राणानें जीव राखिला, उजवा हात मात्र छताखालीं चिरडोन कायमचा गेला.

दरबारीं पंत बोलिले, "दैवगति!" तेव्हां बाईंनीं फाटला तळपत्रा सिंहासनापुढें आपटिला. "महाराज, या भोकांत बोट घाला आणि मग दैव म्हणा! याच मेहुण्यानें पिंजरा बसविलेली दुसरी गाडी बाहेर उभी आहे. पंतांनीं एक फेरी मारावी!"

पंतांचा चेहरा उतरला. बोलिले, "आमचे गुडघे दुखतात."

महाराज उमजले. सर्व पिंजरे उपटून बाईंचे देखरेखीखालीं पाट्यांवर बसविले. पुढें दोन गाड्या उलथल्या, स्वार चालत बाहेर आले. आणि पंतांस शासन काय? कांहीं नाहीं! त्यांस पुलांचे कामावर बढती दिधली.

सारांश, हैबतराव डावे हातें जेवूं शिकतात, आणि त्रिंबकपंत पूल बांधितात. त्या पुलांवरून रयत रोज जाते.