वझ्यांचा पंप

मुलांनो, आमचे शेजारी वझे फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाहीत. रोज सकाळी फोन येतो, “वहिनी, पंप चालू आहे,” आणि खट्‌कन बंद होतो.

हा पंप त्यांच्या बेसमेंटमध्ये आहे. खाली टबात गोल्डफिश, वर खडी भरलेल्या ट्रेमध्ये मेथी आणि कोथिंबीर. माशांच्या घाणीचं पाणी पंप वर चढवतो, त्यावर मेथी पोसते, आणि निवळलेलं पाणी आपलं आपण खाली येतं. इथे कॅनडात, सस्काटूनच्या बर्फात ताजी मेथी!

वझे मूळचे नागपूरचे इंजिनिअर. “खायचे मासे पाळले तर पाणी गरम ठेवा, हीटरचं बिल भरा! गोल्डफिशला थंडी चालते.” शिवाय ते शाकाहारी, त्यामुळे मासे निवांत म्हातारे होतायत. टब कुणीतरी टाकून दिलेला. त्याला गुंडाळलेली गोधडी त्यांच्या बायकोची, सुमनवहिनींची. त्या आता नाहीत. जास्तीचा पंप मात्र “उगाच खर्च” म्हणून घेतलाच नाही.

जानेवारीत एका दुपारी लाइट गेले. बाहेर श्वास गोठवणारी थंडी, तुमचा काका ऑफिसात, घर गरम ठेवणारी भट्टी बंद. नळ गोठून फुटतील या धास्तीने मी बसले होते, तेवढ्यात फोन वाजला.

“वहिनी, पंप बंद आहे.” आवाज ओळखू येईना. “तुमच्याकडे ताकाची रवी आहे ना?”

रवी घेऊन मी बर्फातून गेले. टॉर्चच्या उजेडात मासे वर येऊन तोंडं उघडत होते. वझे गुडघ्यांवर बसून पाणी घुसळायला लागले.

“अहो, लोणी येईल आता!” मी म्हटलं. ते हसले नाहीत.

“पाण्यातली हवा संपतेय, वहिनी.”

त्यांचे हात भरून आले, की मी घुसळत होते. एवढ्यात एक मासा आडवा झाला. “नको, नको, थांब ना गं!” वझे ओरडले. मला भीती वाटली, ती त्या आवाजाची.

लाइट आले. पंप गुरगुरला. हळूहळू तो मासाही सरळ झाला. वझे उठले नाहीत.

“सुमनचं ऑक्सिजनचं मशीन असंच गुरगुरायचं,” ते म्हणाले. “ते बंद झालं आणि वर झोपच लागेना. आता इथेच झोपतो.”

टबाशेजारी खरंच कॉट होती.

दुसरा पंप मी दुसऱ्याच दिवशी आणायला लावला. तरी सकाळी त्यांचा फोन यायला जरा उशीर झाला, की मी बूट चढवून दाराशी उभी असते.